जमीन कुठल्या हाताला?

समुद्रसहलीचं आरक्षण करताना केबिन निवडायच्या पडद्यावर जहाज आडवं पहुडलेलं असतं. मधून लांबलचक बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना बारीक चौकोनांच्या रांगा. समोरासमोरच्या दोन चौकोनांचा मजला एक, आकार एक, बाल्कनी सारखी, भाडंही बहुधा तेवढंच. तरीही बोट तिथेच घुटमळतं, आणि ते योग्यच आहे. एकदा तो चौकोन दाबला की पुढचे सात-दहा दिवस खिडकीतून समुद्राचं एकच अंग दिसणार. दुसरं अंग बोळापलीकडच्या शेजाऱ्यांच्या वाट्याला.

‘काही फरक पडत नाही, कुठलीही घ्या,’ हे उत्तर सर्रास ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. काही वाटांवर खरोखरच फरक पडत नाही. काही वाटांवर मात्र एका बाजूला दिवसभर बर्फाचे डोंगर सरकत असतात आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. घोळ होतो तो ‘या जहाजाची चांगली बाजू कुठली’ असं विचारल्यामुळे. जहाजाला चांगली बाजू नसते. तीच केबिन उत्तरेकडे जाताना किनारा दाखवते आणि पुढच्या आठवड्यात दक्षिणेकडे परतताना उघडा समुद्र. म्हणून विचारायचं ते वाटेला: कुठून कुठे, कुठल्या महिन्यात, आणि दिवसाच्या कुठल्या प्रहरी.

आधी शब्द पक्के करू. जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताची बाजू पोर्ट आणि उजव्या हाताची स्टारबोर्ड. आपण मागे वळलो तरी ही नावं वळत नाहीत. ती जहाजाला चिकटलेली असतात. रात्री पोर्टला तांबडा दिवा, स्टारबोर्डला हिरवा. स्टारबोर्ड या शब्दात ‘सुकाणूची, दिशा देण्याची बाजू’ असा जुना अर्थ दडलेला आहे. सुकाणू जहाजाच्या मागच्या टोकाला मधोमध बसवायची रीत येण्याआधी ते वल्ह्यासारखं उजव्या कुशीला लटकवलेलं असे. धक्क्याला लागताना ते चिरडू नये म्हणून डावी कूस धक्क्याला लावायची, त्यावरून डावी बाजू पुढे पोर्ट झाली. त्याआधी डावीला लारबोर्ड म्हणत. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड कानाला एकसारखे लागत, त्यामुळे ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये लारबोर्ड अधिकृतपणे काढून टाकला.

आता नकाशा. डेक प्लॅनमध्ये, म्हणजे मजल्याच्या नकाशात, नाळ वरच्या बाजूला दाखवली असेल तर कागदाची डावी तीच जहाजाची डावी, तिथे गोंधळ नाही. नाळ कागदाच्या उजवीकडे असेल तर पोर्टच्या केबिन वरच्या रांगेत येतात. नाळ डावीकडे असेल तर पोर्ट खालच्या रांगेत. चुकीची बाजू आरक्षित होते ती बहुतेक वेळा या आडव्या चित्रामुळेच. बऱ्याच जहाजांवर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक असतात, पण कुठल्या बाजूला कुठले हे कंपनीगणिक बदलतं. एका जहाजावरची सम-विषमाची खूणगाठ दुसऱ्यावर वापरू नये. नाळ शोधायची, तिच्याकडे तोंड केल्याची कल्पना करायची आणि मगच क्रमांक वाचायचा.

बाजू ठरवायला नकाशा, प्रवासाचं वेळापत्रक आणि पेन्सिल एवढं पुरतं. बंदरं क्रमाने जोडायची. प्रत्येक टप्प्यासमोर निघायची आणि पोचायची वेळ लिहायची. मग त्यातली रात्र खोडून टाकायची, आणि ही पायरी लोक हमखास विसरतात. संध्याकाळी सहाला सुटून सकाळी सातला लागणारं जहाज कितीही सुंदर किनाऱ्याजवळून गेलं, तरी त्यातले आठ-दहा तास अंधाराचे. १८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर, या वेगाने तेवढ्या वेळात तीनशे किलोमीटरचा किनारा न दिसता मागे पडतो. खोडाखोड झाल्यावर जे उजेडाचे तुकडे उरतात, तेवढ्यांसाठीच बाजू निवडायची असते. कित्येक सहलींत असा एखादाच तुकडा उरतो, आणि तिथे प्रश्न चुटकीसरशी सुटतो.

दिशेचं गणित आपल्या भाषेने फार पूर्वी सोडवून ठेवलं आहे. ‘दक्षिण’ या शब्दाला उजवा असाही अर्थ आहे, कारण पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला येतो. जहाजाचंही तेच: पूर्वेला निघालेल्या जहाजाची स्टारबोर्ड म्हणजे दक्षिण, पोर्ट म्हणजे उत्तर. उत्तरेला निघालं तर स्टारबोर्डला पूर्व. प्रदक्षिणा या शब्दातही हीच उजवी बाजू आहे. जहाज एखाद्या बेटाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फेरी घालत असेल, मग ते आइसलँड असो की सिसिली, तर जमीन उजव्या हाताला राहते आणि स्टारबोर्ड घ्यावी. उलटी फेरी असेल तर पोर्ट. बेटाभोवतीच्या सहलींना याहून जास्त डोकं चालवावं लागत नाही.

खरी कसोटी एकेरी वाटेवर लागते. अलास्काचं उदाहरण घेऊ. व्हँकूव्हरहून निघून सात रात्रींनी सीवर्ड किंवा व्हिटिअरला संपणारी सहल उत्तर-वायव्येला जाते. मुख्य भूमी आणि तिचे उंच डोंगर पूर्वेला, म्हणजे स्टारबोर्डला. तीच सहल उलटी, उत्तरेकडून दक्षिणेला असेल तर पोर्ट. बेटं आणि मुख्य भूमी यांमधून जाणाऱ्या इनसाइड पॅसेज या जलमार्गाच्या अरुंद भागात दोन्हीकडे जमीन असते. पश्चिमेकडची बेटंही गर्द झाडीची आणि देखणी आहेत, त्यामुळे तिथे पोर्टवाला काही उपाशी राहत नाही. अलास्काच्या आखाताचा टप्पा लागला की मात्र एका बाजूला फेअरवेदर पर्वतरांग आणि दुसऱ्या बाजूला थेट प्रशांत महासागर. जूनमध्ये जूनोच्या अक्षांशावर सुमारे १८ तास उजेड असतो, म्हणून इथे रात्रीची खोडाखोडही फारशी होत नाही. एकेरी अलास्का सहलीत मी बाजूला खरोखर महत्त्व देतो, आणि आवडीची बाजू मिळावी म्हणून लवकर आरक्षण करण्यातही अर्थ आहे असं मानतो.

सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणाऱ्या सहलींचं गणित वेगळं. त्यांतली बरीच जहाजं व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. तिथे कुठल्याच बाजूला फारसं काही दिसत नाही. जाताना जे उजवीकडे होतं ते येताना डावीकडे येतं. मात्र ‘जाऊन-येऊन सारखंच’ हे म्हणायच्या आधी दोन्ही वेळच्या उजेडाकडे पाहावं. जाताना दुपारी आणि येताना मध्यरात्री तोच भाग पार होत असेल, तर ती फिटंफाट कागदावरच राहते.

नॉर्वेत हे फार चांगलं दिसतं. बर्गनहून किर्केनेसला जाणारी किनाऱ्याची जलवाहतूक उत्तरेला निघते तेव्हा मुख्य भूमी स्टारबोर्डला असते. परतीचं वेळापत्रक असं बांधलेलं आहे की जाताना रात्री लागलेल्या बऱ्याच जागा येताना दिवसा लागतात. पूर्ण बारा दिवसांची फेरी करणाऱ्याने बाजूची चिंता सोडून द्यावी. अर्धी करणाऱ्याने करावी. आणि तरीही इथे पोर्टच्या बाजूने बोलण्यासारखं एक कारण आहे, ते म्हणजे सूर्य. उन्हाळ्यात उंच अक्षांशांवर सूर्य ठीक पश्चिमेला मावळतच नाही. जूनच्या अखेरीस ६० अंश उत्तरेला तो जवळजवळ वायव्येला, ठीक उत्तरेपासून जेमतेम ३७ अंशांवर मावळतो. आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे मावळतही नाही. उत्तरेला जाणाऱ्या जहाजावर ती रात्री दहा-अकराची लांब, तिरपी, सोनेरी किरणं पोर्टच्या बाल्कनीत येतात आणि समोर क्षितिजापर्यंत पाणी असतं. ज्याला डोंगरांपेक्षा तो उजेड हवा आहे, त्याने डावी घ्यावी.

फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, शिरलेलं जहाज त्याच वाटेने बाहेर येतं. गेइरांगर फ्योर्डमध्ये जहाज साधारण पूर्वेला शिरतं आणि ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा उत्तरेच्या कड्यावर आहे; आत जाताना पोर्ट, बाहेर येताना स्टारबोर्ड. पण आत शिरायची वेळ बहुधा भल्या पहाटेची असते आणि बाहेर पडायची दुपारची किंवा संध्याकाळची. लवकर न उठणाऱ्याने बाहेर पडतानाची बाजू पाहावी. वसंतात मे-जूनमध्ये बर्फ वितळत असताना सातही धारा भरून वाहतात. उन्हाळा सरत आला की त्यातल्या काही आटतात. बाजूइतकाच महिनाही महत्त्वाचा.

उजेडाबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण बाल्कनी घेणारे ‘जमीन की समुद्र’ एवढाच विचार करतात आणि ऊन कुठून पडणार हे विसरतात. उत्तर गोलार्धात उष्ण कटिबंधाबाहेर सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाने फिरतो. पूर्वेला चाललेल्या जहाजावर स्टारबोर्डच्या बाल्कनीत दिवसभर ऊन आणि पोर्टच्या बाल्कनीत सावली. पश्चिमेला चाललं की उलट. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, तिथे हे सगळं पुन्हा फिरवून घ्यायचं. आता यातली खरी गंमत: उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत आपण सावलीत बसतो आणि समोरच्या किनाऱ्यावर ऊन पडलेलं असतं, कारण सूर्य आपल्या पाठीमागे असतो. सावली आणि उजळलेलं दृश्य एकाच खुर्चीत मिळतं. बार्सिलोनाहून जेनोआकडे दिवसाउजेडी जाणारं जहाज घेतलं तर किनारा पोर्टला, आणि पोर्टच उत्तरेच्या अंगाला. अशी जोडी जुळली की डोळे मिटून ती बाजू घ्यावी.

दर वेळी ती जुळत नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी बीगल खाडीत हिमनद्या उत्तरेच्या तीरावर आहेत; उशुआइयाहून पश्चिमेला जाताना स्टारबोर्ड, पूर्वेला येताना पोर्ट. पण दक्षिण गोलार्ध असल्यामुळे उत्तरेकडे पाहणं म्हणजे सूर्याकडे पाहणं. भर दुपारी बर्फ प्रकाशाविरुद्ध येतो आणि फोटोत करडा पडतो. तिथे बाजू बदलून उपयोग नाही, कारण पलीकडे हिमनद्याच नाहीत. सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड गाठावा लागतो. उत्तर-दक्षिण वाटांवर तर दिवसाचे दोन भाग पडतात. उत्तरेला जाताना स्टारबोर्डला सकाळचं ऊन येतं आणि तिकडचे डोंगर तेव्हा काळे दिसतात. दुपारनंतर तीच बाजू सावलीत जाते आणि डोंगर उजळतात. सकाळी बाल्कनीत चहा घेत ऊन खायचंय की संध्याकाळी डोंगर पाहायचेत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

उन्हावरून इंग्रजीतल्या ‘पॉश’ या शब्दाची गोष्ट निघतेच. ब्रिटनहून भारताकडे जाताना पोर्ट आणि परतताना स्टारबोर्ड अशा थंड बाजूच्या महाग केबिन श्रीमंत लोक घेत, तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं उमटवली जात आणि त्यातून पॉश शब्द आला, असं सांगतात. असा शिक्का असलेलं तिकीट काही सापडलेलं नाही, आणि शब्दांचे अभ्यासक ही व्युत्पत्ती मानत नाहीत. पण गोष्टीतलं गणित खोटं नाही. तांबड्या समुद्रात जहाज दक्षिण-आग्नेयेला जातं तेव्हा दुपारचं, तापलेलं ऊन स्टारबोर्डला पडतं आणि पोर्ट त्यातून वाचते. वातानुकूलन नसलेल्या केबिनमध्ये हा फरक झोपेचा होता. आज केबिन थंड असते, तापते ती बाल्कनी. लोखंडी कठडा आणि प्लास्टिकची खुर्ची दुपारी तीन वाजता हात लावू देत नाहीत.

वाऱ्याचंही असंच. वारा पडलेला असला तरी १८ नॉटने चाललेल्या जहाजावर समोरून तेवढाच वारा लागतो. पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात अटलांटिक ओलांडताना पूर्वेला जाणाऱ्या जहाजाच्या पाठीवर वारा असतो; २० नॉटच्या जहाजामागे २० नॉटचा वारा असला तर डेकवर पानही हलत नाही. उलट दिशेला तोच वारा आणि तोच वेग मिळून ४० नॉट, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर होतात आणि बाल्कनीचं दार लोटणंही जड जातं. कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे पूर्वेकडून, ईशान्येकडून येतात, त्यामुळे फ्लोरिडाहून दक्षिणेला जाताना पोर्ट वाऱ्याच्या तोंडी आणि स्टारबोर्ड आडोशाला. परतताना फिरतं. बाल्कनीत निवांत वाचत बसायचं असेल तर उजेडाच्या जोडीने हेही पाहून ठेवावं.

कालवे हा वेगळाच प्रकार. सुएझ कालव्यात, साधारण १९३ किलोमीटर, दक्षिणेला जाताना स्टारबोर्डला नाईलच्या पाण्यावर पोसलेली शेतं, खजुरीची झाडं आणि इस्माइलियासारखी शहरं. पोर्टला सिनाईची वाळू. इतका स्पष्ट फरक क्वचितच कुठे मिळतो. पनामा कालव्यात मात्र बाजूपेक्षा मजला महत्त्वाचा. जलपाश म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेणारे कप्पे. १९१४ च्या जुन्या जलपाशांची रुंदी ३३.५ मीटर आणि त्यांत मावणारं मोठ्यात मोठं जहाज सुमारे ३२.३ मीटर रुंद. म्हणजे दोन्ही कुशींना हातभर जागा. खालच्या डेकच्या बाल्कनीतून पाणी भरेपर्यंत फक्त ओलं काँक्रीट दिसतं. जुन्या जलपाशांच्या दोन रांगा शेजारी शेजारी आहेत. एका बाजूने शेजारच्या रांगेतलं जहाज चढता-उतरताना दिसतं, पण आपल्याला कुठली रांग मिळेल हे आरक्षण करताना कळत नाही. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना जहाज वायव्येकडून आग्नेयेला उतरतं, म्हणून हिवाळी सहलींत दुपारचं ऊन स्टारबोर्डला. ते टाळण्यासाठी पोर्ट, आणि शक्य तितका वरचा मजला.

बंदरात कुठली बाजू धक्क्याला लागेल, हा अंदाज मात्र सोडून द्यावा. वारा, भरती-ओहोटी, शेजारी उभं असलेलं जहाज, शिडी लावायच्या दारांची जागा, हे सगळं पाहून कॅप्टन आणि बंदराचा पायलट ते ठरवतात. सिडनीच्या सर्क्युलर कीवर प्रवासी धक्का खाडीच्या पश्चिम काठाला आहे आणि ऑपेरा हाऊस समोर पूर्व काठाला. जहाज नाळ आत घालून लागलं तर ऑपेरा हाऊस पोर्टला दिसतं. मागे मागे येऊन लागलं तर स्टारबोर्डला. ज्याला धक्क्याची बाजू मिळते त्याला दिवसभर फोर्कलिफ्टचे भोंगे आणि सामानाची चढउतार. दुसऱ्या बाजूला इंधनाचा पडाव येऊन लागतो. दोघांनाही थोडं थोडं सोसावं लागतं. नांगरून उभं असलेलं जहाज तर वाऱ्या-प्रवाहाबरोबर फिरत राहतं. सँटोरिनीच्या ज्वालामुखीय खोऱ्यात पाणी इतकं खोल आहे की बहुतेक ठिकाणी नांगर टाकता येत नाही. जहाज इंजिनांच्या जोरावर जागा धरून ठेवतं, तोंड फिरवतं, आणि कड्यावरची पांढरी गावं कधी या बाल्कनीतून, कधी त्या.

बंदरात शिरण्या-सुटण्याच्या वाटा त्यामानाने भरवशाच्या. मॅनहॅटनच्या धक्क्यावरून हडसनमधून दक्षिणेला बाहेर पडताना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा स्टारबोर्डला, परतताना पोर्टला. पण जुने सल्ले जपून घ्यावेत. व्हेनिसला शिरताना स्टारबोर्ड घ्या, सेंट मार्क्स चौक समोरून जातो, हा सल्ला कित्येक वर्षं अगदी बरोबर होता. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या पाण्यात बंदी आहे. आता ती इतरत्र लागतात आणि तो चौक कुठल्याच बाजूने दिसत नाही. सल्ला कधीचा आहे ते आधी पाहावं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तेच जहाज याच हंगामात कुठल्या रेषेवरून आणि कुठल्या वेळी गेलं ते बघणं.

समुद्र लागणाऱ्यांनी बाजूचा विचारच करू नये. जहाज डोलतं ते लांबीच्या मधल्या अक्षाभोवती, आणि दोन्ही कुशी त्या अक्षापासून सारख्याच अंतरावर असतात. मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन हाच उपाय.

बाजू ठरली तरी त्या बाजूची कुठलीही केबिन चालते असं नाही. आतली रचना दोन्हीकडे हुबेहूब नसते: एकीकडे लिफ्टचा चौक, दुसरीकडे कर्मचाऱ्यांच्या ट्रॉल्यांचं दार. त्या दारासमोरची केबिन पहाटे पाचपासून जागी असते. लाइफबोटी दोन्ही बाजूंना टांगलेल्या असतात. त्यांच्या लगेच वरच्या मजल्यावर खाली पाहिलं की समुद्राऐवजी नारिंगी छपरं दिसतात. बाल्कनीचा कठडा काचेचा आहे की पोलादी, हेही पाहावं. पोलादी कठड्याआड खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसतं ते फक्त आकाश, आणि मग जमीन कुठल्या हाताला होती याला अर्थ उरत नाही. वरचा आणि खालचा मजला नकाशावर तपासावा. डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर सकाळी खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट खाली येतो.

नदीतल्या जहाजांना हे नियम थोडे वळवून लावावे लागतात. नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने ठरतो, जहाजाच्या नाही. ऱ्हाईनवरचा लोरेलाय कडा उजव्या काठाला आहे; प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या जहाजावर तो पोर्टला येतो. किल्ले दोन्ही काठांना आहेत, त्यामुळे तिथे बाजूसाठी हट्ट धरण्यात राम नाही. मुक्कामाला तर दोन-तीन जहाजं एकमेकांना चिकटून बांधतात आणि पडदा उघडला की समोर दुसऱ्याच्या केबिनचा पडदा.

सगळं जुळवूनही बेत फिरू शकतो. हवामानामुळे बंदरांचा क्रम उलटा होतो आणि तसा अधिकार कंपनी करारातच राखून ठेवते. स्वस्तातली ‘गॅरंटी’ केबिन घेतली तर क्रमांक आणि बाजू कंपनीच ठरवते. म्हणून केवळ बाजूसाठी जास्त पैसे मोजू नयेत. त्याच भाड्यात मिळत असेल तरच आग्रह धरावा, आणि नाही मिळाली तर ज्या वेळेला जमीन पलीकडच्या हाताला असणार ती वेळ लिहून ठेवून वरच्या उघड्या डेकवर जावं. अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात तसंही तेच करायचं असतं. सकाळी उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, ध्वनिक्षेपकावर माहिती सांगत राहतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं आणि जागच्या जागी सावकाश फिरतं. आधी एका बाजूच्या बाल्कन्या, मग दुसऱ्या. बर्फाचा कडा तुटला की उजेड आधी पोचतो आणि गडगडाट मागाहून, म्हणून तुटण्याचा आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला फक्त पाण्यावरची लाट दिसते. गरम कपडे घालून पुढच्या डेकवर अर्धा तास आधी जाऊन उभं राहावं आणि नजर कड्यावर ठेवावी.